आधी मोजणी, मग फवारणी

दसरा सरला की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात अंगणातल्या दिव्याभोवती बारीक किड्यांची झुंबड उडू लागते. ते ताटात पडतात, डोळ्यांत जातात, केसांत अडकतात. तिकडे बंगालमध्ये कालीपूजेच्या सुमारास दिव्यावर झेपावणाऱ्या हिरव्या किड्यांना 'श्यामापोका' असे नावच पडले आहे. शहरातल्या माणसाला हा दिवाळीतला एक किरकोळ त्रास वाटतो. शेतकरी मात्र त्यांना नावानिशी ओळखतो. ते तुडतुडे असतात, उभ्या धानाचा रस शोषून जगणारे. दिव्यावर आज दिसणारी ही गर्दी शेतात दोन-अडीच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या वाढीची बेरीज असते.

या बेरजेचा डॉक्टरांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध सरळ आहे. तुडतुडे वाढले की फवारणी वाढते आणि फवारणी वाढली की अंग गाळून घामाघूम झालेली, तोंडातून लाळ गळणारी, डोळ्यांपुढे धूसर दिसणारी माणसे रुग्णालयात येऊ लागतात. डेंग्यूचा हंगाम ठरलेला, गॅस्ट्रोचा हंगाम ठरलेला, तसाच फवारणीच्या विषबाधेचाही हंगाम ठरलेला आहे आणि तो कीटकांच्या संख्येवरून आधीच सांगता येतो. तरीही कीटक मोजण्याचे काम कृषी खात्याचे आणि माणसे वाचवण्याचे काम आरोग्य खात्याचे, अशी वाटणी करून दोन्ही खाती आपापल्या फायली सांभाळत बसतात. ही वाटणी मोडायला हवी.

आधी हे कीटक समजून घेऊ. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांना शेतीच्या भाषेत रसशोषक किडी म्हणतात. यांपैकी तुडतुडे आणि मावा या तृणधान्यांच्या प्रमुख रसशोषक किडी. अळी पान कुरतडते, तिची खूण लगेच दिसते. तुडतुडे आणि मावा यांची सोंड सुईसारखी असते. ती पानाच्या किंवा खोडाच्या आत, अन्नरस वाहणाऱ्या नलिकेत टोचलेली असते. बाहेरून काहीच कळत नाही. हा रस साखरेने भरलेला, पण प्रथिने तयार करण्यासाठी लागणाऱ्या अमिनो आम्लांच्या बाबतीत गरीब. म्हणून कीटकाला पुरेसे पोषण मिळवण्यासाठी भरपूर रस ओढावा लागतो. जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. ज्वारीच्या पानांवर हिवाळ्यात जो 'चिकटा' दिसतो, तो हाच. त्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि कडबाही खराब होतो.

रसातले नत्र वाढले की कीटकाची चंगळ होते. युरियाची जास्तीची मात्रा दिलेले धान हिरवेगार, लुसलुशीत दिसते. त्याच्या रसात अमिनो आम्ले अधिक असतात, त्यामुळे तुडतुड्यांची मादी अधिक अंडी घालते आणि अधिक पिल्ले जगतात. शेजारच्या बांधीपेक्षा आपले धान काळेभोर दिसावे म्हणून टाकलेली जास्तीची गोणी पुढच्या फवारणीची तयारीच करून ठेवते.

आता या कीटकांचे वर्ष पाहू. पूर्व विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते. त्या सुमारास बांधीत तपकिरी तुडतुड्यांची संख्या अगदी नगण्य असते. बाहेरून उडत आलेले लांब पंखांचे काही तुडतुडे बुंध्याशी बसतात. मादी पानाच्या आवरणाला चीर पाडून आत अंडी घालते. एक पिढी पूर्ण व्हायला साधारण महिना लागतो. पुढच्या पिढीत आखूड पंखांच्या माद्या पुष्कळ निघतात. त्यांना उडता येत नाही, पण अंडी घालण्यात त्या अधिक तरबेज असतात. जिथे खाणे मुबलक आहे तिथे उडण्यावर शक्ती खर्च कशाला करायची, असा हा निसर्गाचा व्यवहार. सप्टेंबर उजाडतो, धान दाट होते, बुंध्याशी पाणी साचलेले, हवा कोंडलेली, पाऊस ओसरून उकाडा वाढलेला. तोवर दुसरी-तिसरी पिढी आलेली असते. धान निसवते आणि त्याच वेळी संख्या भडकते. पीक पिकू लागले, गर्दी वाढली की पुन्हा लांब पंखांचे तुडतुडे तयार होतात आणि नवे शेत शोधायला निघतात. दिवाळीच्या दिव्याभोवती दिसतात ते यांतलेच आणि त्यांच्यासोबत हिरवे तुडतुडे.

हा भडका का उडतो, हे साध्या गणितावरून कळेल. समजा, एका मादीने २०० अंडी घातली आणि त्यांतली शंभरात पाचच मोठी झाली. म्हणजे १० तुडतुडे, त्यांत ५ माद्या. प्रत्येक पिढीला संख्या पाचपट. तीन पिढ्यांत ती १२५ पट होईल. आता समजा, काही कारणाने शंभरात पाचऐवजी दहा जगू लागली. मग प्रत्येक पिढीला संख्या दहापट आणि तीन पिढ्यांत १००० पट. वाचणाऱ्या पिल्लांचे प्रमाण फक्त दुप्पट झाले, पण हंगामाअखेरची संख्या आठपट झाली. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण शेतातले तत्त्व हेच आहे. शंभरातली पंचाण्णव पिल्ले मारण्याचे काम जो कुणी करतो, त्याला शेतातून घालवणे फार महाग पडते.

हे काम कोण करते? धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पृष्ठभागावर धावणारा लांडगा कोळी. तुडतुड्यांची अंडी शोधून त्यातला रस पिणारा मिरीड ढेकूण. अंड्यांतच आपली अंडी घालणाऱ्या नखाएवढ्याही नसलेल्या परोपजीवी गांधीलमाश्या. ज्वारी-गव्हावर माव्याचा फडशा पाडणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा. ही मंडळी बिनपगारी राबतात. फवारणीचा पहिला तडाखा मात्र यांनाच बसतो. कोळी उघड्यावर फिरतो, तो मरतो. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, कीटकनाशक तिथवर पोहोचत नाही. आठवड्याभरात पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कुणी शिल्लक नसते.

फिलिपिन्समध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस पीटर केनमोर या संशोधकाने हेच शेतात मोजून दाखवले. वारंवार फवारलेल्या भातात तपकिरी तुडतुडे भडकले, न फवारलेल्या भातात कोळी आणि ढेकणांनी त्यांना आटोक्यात ठेवले. इंडोनेशियाने हा धडा देशाच्या पातळीवर घेतला. तिथे सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होते आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तुडतुडे वारंवार उसळत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही संपवले. वापर निम्म्याहून खाली आला, भाताचे उत्पादन मात्र घटले नाही, वाढतच गेले. शेतकऱ्यांनी बांधावर बसून कीटक मोजायला शिकावे यासाठी तिथे ज्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचाच वारसा आज महाराष्ट्रातल्या कृषी खात्याच्या शेतीशाळा चालवत आहेत. पुढे इंडोनेशियात ही शिस्त सैल झाली, बाजारात स्वस्त कीटकनाशके पुन्हा आली आणि २०१०-११च्या सुमारास जावा बेटावर तुडतुड्यांनी पुन्हा थैमान घातले.

शेतकऱ्याची भीती खोटी आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. तुडतुड्यांनी धरलेले धान गोल चकत्यांत पिवळे पडते, वाळते, जाळल्यासारखे दिसते आणि चकते आठवड्याभरात एकमेकांना भिडतात. जपानमध्ये १७३२ साली पश्चिमेकडच्या भागात तुडतुड्यांमुळे भात बुडाले आणि भीषण दुष्काळ पडून हजारो माणसे मेली. जपानच्या थंडीत तपकिरी तुडतुडा तगत नाही, तरी दर उन्हाळ्यात तो येतो कुठून, हे कोडे दीर्घकाळ सुटत नव्हते. १९६७च्या जुलैमध्ये जपानच्या एका हवामान निरीक्षण जहाजाला किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर समुद्रात तुडतुड्यांचे थवे दिसले. वाऱ्यावर स्वार होऊन ते चीनकडून येत होते. तेव्हापासून तिथे वाऱ्यांचा आणि सापळ्यांतल्या कीटकांचा मेळ घालून अंदाज बांधला जातो. भीतीवरचा उतारा त्यांनी मोजणीत शोधला.

आपल्याकडे २०१७चे साल विसरता येणार नाही. त्या खरिपात पूर्व विदर्भातल्या धानावर तुडतुड्यांचा इतका प्रादुर्भाव झाला की, कापसावरच्या बोंडअळीबरोबर धानावरच्या तुडतुड्यांसाठीही राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्याच वर्षी, जुलै ते ऑक्टोबरच्या काळात, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. कापूस तृणधान्य नव्हे, पण त्यावरही तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे असतात आणि त्यांच्यावर मारा करणारी औषधे पुष्कळदा तीच असतात. डोक्याएवढे वाढलेले पीक, दमट उकाडा, दोन-तीन कीटकनाशकांचे घरगुती मिश्रण, जोरदार फवारा मारणारे पंप, सलग कित्येक दिवस काम आणि अंगावर साधा सदरा, ही कारणे तेव्हा खूप चर्चिली गेली. कीटकांची संख्या जेव्हा सगळीकडे एकाच वेळी वाढते, तेव्हा ही सगळी कारणे एकाच पंधरवड्यात एकत्र येतात, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

इथेच वैद्यकशास्त्राचा एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातल्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. नसेकडून स्नायूला गेलेला संदेश पुसून टाकणे हे या विकराचे काम. तो निकामी झाला की संदेश थांबतच नाही. लाळ, घाम, अश्रू, उलट्या, जुलाब सुरू होतात, बाहुल्या आकसतात, छातीत स्राव साठतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. विष पोटातूनच जावे लागते असे नाही, ते त्वचेतून जाते आणि भिजलेल्या, घामेजलेल्या त्वचेतून अधिक जाते. धानात फवारणी करणारा मजूर पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा असतो, ओल्या पिकातून चालतो आणि तुडतुडे बुंध्याशी बसत असल्यामुळे नळीचे तोंड खाली, स्वतःच्या पायांकडेच धरतो.

तांबड्या पेशींमधला हा विकर एकदा कायमचा निकामी झाला की तो परत भरून यायला वेळ लागतो. दिवसाला साधारण एक टक्का, इतका हा वेग संथ आहे. म्हणजे सोमवारी एका शेतात, मंगळवारी दुसऱ्या शेतात, असे दहा-बारा दिवस रोजंदारीने फवारणी करणाऱ्या माणसाचे नुकसान रोज साठत जाते. पहिल्या आठवड्यात त्याला काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी, नेहमीइतकीच फवारणी केलेली असताना, तो कोसळतो. घरचे म्हणतात, रोज करत होता, आजच काय झाले? आज वेगळे काहीच घडलेले नसते. पंधरा दिवसांचे साठलेले नुकसान त्या दिवशी पेलण्यापलीकडे गेलेले असते. शेतमालक आपल्या शेतात हंगामात दोन-तीनदा फवारतो, मजूर गावातल्या प्रत्येक शेतात फवारतो. अनावश्यक ठरलेली प्रत्येक फवारणी त्याच्याच अंगातून वसूल होते.

गावात ही लक्षणे ओळखली जात नाहीत, हे दुसरे दुखणे. मळमळ, डोकेदुखी, घाम, धूसर दिसणे याला 'ऊन लागले' किंवा 'पित्त झाले' म्हणून लिंबूपाणी दिले जाते. त्यात मोलाचे तास जातात. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अशी लक्षणे दिसली तर आधी अंगावरचे सगळे कपडे काढावेत, साबण आणि भरपूर पाण्याने केसांपासून नखांपर्यंत अंग धुवावे, उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सोबत बाटली किंवा तिचे वेष्टन न्यावे, कारण सगळ्या कीटकनाशकांचा उपचार एक नसतो. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम आहेत, इमिडाक्लोप्रिडसारख्या नव्या गटावर असा खास उतारा नाही. बरे वाटू लागले म्हणून रुग्णाला लगेच घरी न्यायची घाई करू नये. एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडण्याचा धोका असतो.

नवी औषधे आली, आता काळजी नको, असाही एक समज आहे. काही अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली, हे चांगलेच झाले. २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाद करण्याचा आदेश काढला. त्यांत फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फॅमिडॉन, डायक्लोरव्हॉस अशी परिचित नावे होती. पण कीटकही स्वस्थ बसत नाहीत. इमिडाक्लोप्रिड भातावर आले तेव्हा तपकिरी तुडतुड्यांवर ते रामबाण वाटले होते. या शतकाच्या पहिल्याच दशकात आशियातल्या तुडतुड्यांनी ते पचवायला सुरुवात केली. एक औषध चालेना की मात्रा वाढवायची, मग दुसरे मिसळायचे, मग तिसरे. सर्दीला प्रतिजैविक घेणाऱ्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. गरज नसताना दिलेले औषध गरजेच्या वेळी निकामी ठरते, हा नियम दवाखान्यात आणि बांधीत सारखाच लागू आहे.

घरात उरणाऱ्या बाटलीचाही विचार करायला हवा. वेळापत्रकाने फवारणी करायची म्हणून आगाऊ घेतलेली कीटकनाशके घराच्या कोपऱ्यात, माळ्यावर, कधी धान्याशेजारी पडून असतात. मुलांच्या हाती ती लागतात. निराशेच्या एखाद्या क्षणी मोठ्यांच्याही हाती लागतात. तो क्षण टळला तर माणूस पुष्कळदा वाचतो. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिविषारी गटातली कीटकनाशके आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान रोखले. पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले आणि त्यापायी पिकांचे उत्पादन घसरले नाही. गरज पडेल तेव्हाच आणि तेवढेच विकत घेणे, ही सवय म्हणून घराच्या सुरक्षिततेची बाब आहे. मन खचलेल्या कुणालाही, कोणत्याही वेळी, 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, हेही गावोगाव माहीत असायला हवे.

शहरातल्या वाचकाने हा प्रश्न परक्याचा समजू नये. रब्बी ज्वारीवर मावा येतो तो थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आभाळ ढगाळले की अधिक. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही, ती अंडीही घालत बसत नाही, थेट पिल्लेच देते आणि ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. त्यामुळे चार ढगाळ दिवसांत पोंगे माव्याने भरून जातात. त्यामागोमाग ढालकिडेही येतात, ऊन पडते आणि अनेकदा मावा आपोआप ओसरतो. नेमक्या याच दिवसांत सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडे हुरडा निघतो. कोवळी कणसे भाजून, गुळासोबत, दह्यासोबत चवीने खाल्ली जातात. चिकटा दिसला म्हणून घाबरून फवारणी केली असेल, तर शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत हे बाटलीच्या वेष्टनावर छापलेले असते. हुरड्याला जाणाऱ्याने 'या ज्वारीवर शेवटची फवारणी कधी झाली' हा प्रश्न विचारायला संकोचू नये. हा प्रश्न विचारला जातो म्हटल्यावर फवारणाराही हात आखडता घेईल.

मग करायचे काय? पहिले काम शेताच्या बांधावरचे. धानाच्या बांधीत तिरपे चालत जाऊन १५-२० चुडांचे बुंधे हलवायचे आणि तुडतुडे मोजायचे. पिकाच्या अवस्थेनुसार एका चुडावर ५ ते १० तुडतुडे ही साधारण धोक्याची पातळी मानतात. त्याखाली असतील आणि कोळी-ढेकूण दिसत असतील, तर थांबायचे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजायचे. पाणी दोन-तीन दिवस काढून टाकणे, युरिया रोखणे, पुढच्या हंगामात रोवणी दाट न करता मधून मधून हातभर पट्टा मोकळा ठेवणे, या बिनविषारी उपायांनी पुष्कळ काम होते. पातळी ओलांडली तर फवारणी जरूर करावी. मात्र शिफारस केलेले एकच औषध घ्यावे, वेष्टनावरचा त्रिकोण पाहावा (लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा) आणि फवारा बुंध्यापर्यंत जाईल असे पाहावे.

दुसरे काम सरकारचे आणि त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. सोयाबीनवर २००८ मध्ये अळ्यांनी कहर केल्यानंतर महाराष्ट्राने 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांतून कीटक मोजले जातात आणि धोक्याची पातळी ओलांडलेली गावे कळतात. हीच गावांची यादी त्याच दिवशी त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला मिळाली पाहिजे. तुडतुडे पातळी ओलांडतात त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तिथे फवारणी होणार, हे उघड आहे. तेवढ्या वेळात ॲट्रोपिनचा साठा तपासता येतो, कोलिनेस्टरेज तपासणीची सोय लावता येते, आशाताईंना लक्षणे समजावता येतात, रोजंदारीने फवारणाऱ्या मजुरांची नावे काढून त्यांना भेटता येते. डासांच्या अळ्या मोजून डेंग्यूची तयारी करणाऱ्या आरोग्य खात्याला ही पद्धत शिकवावी लागणार नाही, फक्त आकडे मिळवून द्यावे लागतील.

तिसरे काम मजुराच्या बाबतीत. फवारणीचा रोज नेहमीपेक्षा थोडा जास्त मिळतो, म्हणून गावातला गरजू माणूस दिवसामागून दिवस तेच काम धरतो. सलग फवारणीनंतर त्याला काही दिवस दुसरे काम देणे, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि मुखपट्टी शेतमालकाने पुरवणे, वाऱ्याच्या उलट दिशेने आणि भर दुपारी फवारणी न करणे, हे शिष्टाचार म्हणून नव्हे, कामाची अट म्हणून रुजायला हवे. ग्रामसभेत हंगामाच्या आधी हा विषय घेतला तर एका ठरावाने ते साधेल.

मोजत बसायला वेळ कुणाला आहे, हा आक्षेप अपेक्षितच आहे. एकरभर बांधीतले वीस चूड तपासायला अर्धा तास पुरतो. एका फवारणीला औषध, मजुरी आणि दिवस मोडतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शेतकऱ्याला सल्ला देणारा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आणि तो उधारीवर मालही देतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. सरकारी सल्ला त्याच्याइतकाच जवळ आणि त्याच्याआधी पोहोचला पाहिजे. संख्या पाटीवर लिहून दुकानाबाहेर आणि ग्रामपंचायतीबाहेर लावली, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर 'शेजाऱ्याने मारले म्हणून मीही मारले' ही फवारणी कमी होईल. ग्रामीण भागात पावसाचे मिलिमीटर घरोघरी चर्चिले जातात, तसे चुडामागे तुडतुडे किती हेही चर्चिले जावे.

यंदाही रोवणीनंतर महिन्याभरात पहिले तुडतुडे बुंध्याशी दिसतील. तिथून धान निसवेपर्यंत दोन-तीन पिढ्यांचा अवधी हाती असतो. त्या अवधीत बांधावर मोजणी झाली आणि तो आकडा आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचला, तर काही फवारण्या टळतील आणि ज्या टळणार नाहीत त्यांच्यासाठी रुग्णालयातली खाट आणि औषध तयार असेल. दिवाळीत दिव्यावर किडे जमतील तेव्हा मोजायला सुरुवात करणे म्हणजे वरातीमागून घोडे.